कोंबडीच्या दाण्याचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या प्राण्यांच्या संगतीनें मनुष्यानें आपला संसार थाटला, त्यांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो; आणि त्यांतहि कोंबडीचें नांव निघालें तर सुशिक्षित घरांत हंसूं येण्याचाच संभव अधिक. तथापि शहरांतील पुष्कळ घरांत रोज सकाळीं अंडें उकडलें जातें. तें अंडें घालणारी कोंबडी काय खाते, तें अन्न तिला कोणी व कां ठरवून दिलें, आणि त्या अन्नानें तिला सुख झालें कीं दुःख, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचा मागोवा घेण्यास चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा महाराष्ट्रांत दुसरी क्वचितच सांपडेल. कारण येथें रान, धान आणि कोंबडी हीं तिन्ही अजून एकमेकांच्या शेजारीं नांदत आहेत.

वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम होऊन प्राणहिता बनते, आणि ती दक्षिणेस सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. या मुलखाच्या धान पिकविणाऱ्या पूर्वभागास झाडीपट्टी म्हणतात. पूर्वीं हा सर्व प्रदेश चांदा या एकाच जिल्ह्यांत मोडत असे. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा निघाला. गडचिरोलीचा बहुतेक भाग आजहि जंगलाखालीं आहे. जेथें जंगल तुटलें तेथें तलावांच्या व बोड्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात. माडिया-गोंडांचा टोला असो कीं धान पिकविणाऱ्यांचें मोठें गांव असो, पुष्कळ घरांच्या अंगणांत चार कोंबड्या हिंडतांना दिसतात.

पाळीव कोंबडीचा मूळ वंश तांबड्या रानकोंबडीचा. ही रानकोंबडी पूर्वेकडील जंगलांत असते. दक्षिणेकडील जंगलांत करडी रानकोंबडी असते. आणि गोदावरीचा परिसर हा दोघींच्या सीमेवरचा मुलूख होय. रानकोंबडी मनुष्याजवळ कां आली, याविषयीं अनेक तर्क होते. कोणी म्हणत, झुंजीसाठीं तिला धरलें. कोणी म्हणत, देवास वाहण्यासाठीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें निराळाच उलगडा पुढें मांडला. थायलंडांत बान नॉन वाट येथें सांपडलेलीं कोंबड्यांचीं हाडें इसवी सनापूर्वीं सुमारें १६५० ते १२५० या काळांतील असून, पाळीव म्हणून खात्रीनें ओळखतां येतील अशीं तीं सर्वांत जुनीं होत, असें त्या संशोधकांचें मत पडलें. त्याच सुमारास त्या भागांत धान व भरड धान्यें यांची कोरडवाहू लागवड पसरत होती. शेतांत सांडलेल्या दाण्यासाठीं रानकोंबडी झाडावरून उतरून शेताच्या कडेस आली आणि तेथून अंगणांत आली, असें ते म्हणतात. हें खरें असेल तर मनुष्याचा व कोंबडीचा पहिला करार दाण्याचा होता.

दुसरा एक पुरावा तिच्या पायांवर आहे. तांबड्या रानकोंबडीचे पाय पिवळे नसतात. पाळीव कोंबड्यांपैकीं पुष्कळ जणींचे असतात. पिवळ्या कातडीचा हा आनुवंशिक गुण बहुधा करड्या रानकोंबडीपासून, म्हणजे आपल्या दक्षिणेच्या जातीपासून आला, असें २००८ सालच्या एका संशोधनांत दिसून आलें. मौजेची गोष्ट अशी कीं, हा पिवळा रंग कोंबडीस आपल्या शरीरांत तयार करितां येत नाहीं. तो हिरव्या पाल्यांतून व पिवळ्या मक्यांतून येतो. वंशानें मिळते ती केवळ तो कातडींत सांठविण्याची शक्ति. अंड्याच्या बलकाचा रंगहि असाच अन्नांतून येतो. अंडें फोडतांना गृहिणीच्या दृष्टीस जो रंग पडतो, तो कोंबडीनें आधीं खाल्लेला असतो.

झाडीपट्टींतील कोंबडीचें ताट म्हणजे सारें अंगण व त्याचें कुंपण. पहांटे खुराडें उघडलें कीं मूठभर धान किंवा कनकी तिच्यापुढें पडते. बाकीचें तिचें तिनें शोधावयाचें. धानाची मळणी होते ते तिचे सुगीचे दिवस. उन्हाळ्यांत पालापाचोळा उकरून ती किडे व वाळवी टिपते. वारुळाचा तुकडा फोडून पिलांपुढें टाकण्याचीहि रीत आहे. मृगाचा पाऊस पडला कीं पंख फुटलेली वाळवी जमिनींतून उसळते आणि कोंवळें गवत उगवतें. या अन्नाचे भाग पाडून पाहिले तर दाण्यानें अंगांत ऊब व बळ येतें. किड्यांतून प्रथिनें मिळतात, ज्यांवांचून ना पीस वाढतें ना अंडें. पाल्यांतून जीवनसत्त्वें मिळतात. आणि बांधींतील गोगलगाईंच्या शंखांतून चुना मिळतो. हें शास्त्र कोंबडी कोठें शिकली नव्हती; हजारों वर्षें ती असेंच वेंचून खात आली.

परंतु हें चित्र रम्य मानून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. आषाढापासून भाद्रपदापर्यंत घरांतील कणगी रिकामी होत जाते आणि नवें धान अजून बांधींत असतें. जेथें माणसांसच जपून खावें लागतें तेथें कोंबडीस मूठ कोठून मिळणार? शिवाय पऱ्ह्यांची नासाडी होऊं नये म्हणून तिला आवरून ठेवावें लागतें. अशा वेळीं ती हाडकुळी होते आणि अंडीं बंद करिते. त्यांत राणीखेत रोगाची सांथ आली तर खुराडींच्या खुराडीं ओस पडतात. कुमाऊंच्या डोंगरांतील ज्या गांवीं १९२७ च्या सुमारास हा रोग आपल्या देशांत ओळखला गेला, त्याचेंच नांव त्यास पडलें. पोटभर अन्न ही कांहीं या रोगाची लस नव्हे. लस निराळीच टोंचावी लागते. मोकळ्या कोंबडीस सर्व सुखें असतात असें समजूं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. तिला हिंडण्याची मोकळीक असते, पण पोट भरण्याची शाश्वती नसते.

देशी कोंबडी वर्षाकाठीं पन्नास-साठ अंडीं देते, म्हणून तिला आळशी म्हणण्याचा प्रघात पडला. तो अन्यायाचा आहे. रानकोंबडी वर्षांत दहा-पंधरांवर सहसा जात नाहीं. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडीं झालीं कीं खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, आणि पुढें कित्येक आठवडे पिलें वागविते. घरची बाईहि अंडीं खाण्यापेक्षां उबवणीस ठेवणें अधिक पसंत करिते. कारण अंडें हें एका वेळेचें खाणें, तर कोंबडी ही अडचणींत बाजारांत नेण्याची, पाहुण्याचा मान राखण्याची आणि देवाचा नवस फेडण्याची ठेव. जेवढें अन्न तेवढीं अंडीं, असा या कोंबडीचा चोख हिशेब आहे.

उखळ मागें पडलें तेव्हां या हिशेबांत पहिला फरक पडला. पूर्वीं धान घरींच कांडीत. मुसळाच्या घावाबरोबर तूस, कोंडा व कनकी यांचा सडा उखळाभोंवतीं पडे आणि कोंबड्या तेथें जमत. हातसडीच्या तांदुळावर तांबूस पापुद्रा राही, आणि त्याचाच कांहीं भाग कोंड्यांतून कोंबड्यांस मिळे. पुढें गिरण्या आल्या. मूल आणि देसाईगंज-वडसा हीं गांवें तर तांदुळाच्या गिरण्यांचींच म्हणून ओळखलीं जाऊं लागलीं. तांदूळ पांढराशुभ्र झाला आणि बायकांच्या हातांतील मुसळ सुटलें, हा मोठाच लाभ झाला. पण तो पापुद्रा अंगणांतून नाहींसा झाला. त्याची खरी किंमत जगास समजली ती कोंबडीच्याच दुखण्यामुळें. ती हकीकत समुद्रापलीकडे, जावा बेटांत घडली.

बटेव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथील डच लष्करी रुग्णालयांत ख्रिस्तियान आयकमन हे डॉक्टर बेरीबेरी या रोगाचें संशोधन करीत होते. या रोगांत पायांतील शक्ति जाते, हात लुळे पडतात आणि शेवटीं हृदय थकतें. जंतुशास्त्राच्या भरभराटीचा तो काळ. म्हणून याहि रोगाचा जंतु असलाच पाहिजे असें बहुतेकांस वाटे. प्रयोगासाठीं आयकमन यांनीं कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ च्या सुमारास या कोंबड्या झोकांड्या खाऊं लागल्या, पाय मुडपून पडूं लागल्या आणि मरूं लागल्या. ज्यांस रोग टोंचला होता त्याहि पडल्या, आणि ज्यांस कांहींच केलें नव्हतें त्याहि पडल्या. कांहीं महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, रोग जसा आला तसाच निघून गेला.

चौकशी करितां असें निघालें कीं, जून महिन्यापासून कोंबड्यांची देखभाल करणारा मनुष्य काटकसरीसाठीं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतून शिजलेला पांढरा भात आणून त्यांस घालीत असे. पुढें स्वयंपाकी बदलला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांस मिळणार नाहीं, असें नव्या स्वयंपाक्यानें बजावलें, आणि कोंबड्यांस पुन्हां साधा, न सडलेला तांदूळ मिळूं लागला. त्याच्या त्या कडक शिस्तीनें कोंबड्या वांचल्या आणि वैद्यकशास्त्रास नवी वाट सांपडली. आयकमन यांनीं पुढें पुनःपुन्हां प्रयोग केले. पांढरा तांदूळ दिला कीं रोग होई. कोंडा मिसळला कीं आराम पडे. तरीहि आरंभीं त्यांचा तर्क चुकलाच. पांढऱ्या तांदुळांत कांहीं विष असावें आणि कोंड्यांत त्याचा उतारा असावा, असें त्यांस वाटलें. विष कोठेंच नसून अन्नांत एक आवश्यक वस्तुच उणी आहे, हें १९०१ सालीं त्यांच्यामागून तेथें काम करणाऱ्या खेरिट ग्राइन्स यांनीं सांगितलें.

मध्यंतरीं व्हॉर्डरमन या वैद्यकीय अधिकाऱ्यानें जाव्यांतील तुरुंगांची पाहणी केली होती. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत सुमारें ३९ कैद्यांमागें एकास बेरीबेरी होती; तांबूस तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांत एखाद्यासच. कोंबड्यांच्या खुराड्यांत जें दिसलें तेंच माणसांच्या कोठड्यांत दिसलें. १९१२ सालीं फुंक यांनीं अशा वस्तूंस ‘व्हिटामिन’ हें नांव दिलें, १९२६ सालीं यान्सेन व डोनाथ यांनीं कोंड्यांतील तें सत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि १९२९ सालीं आयकमन यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

ही गोष्ट केवळ परदेशची नव्हे. प्राणहितेचें पाणी ज्या गोदावरीस मिळतें, तिच्या मुखाकडील आंध्र किनाऱ्यावर गिरणीचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या लोकांत बेरीबेरीचा उपद्रव होता. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं कबुतरांस तांदूळ घालून त्या रोगाचा अभ्यास केला. धान आधीं उकडून मग सडलें तर कोंड्यांतील सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें; म्हणून उकडा तांदूळ खाणारे लोक या रोगापासून पुष्कळ अंशीं वांचत, हेंहि संशोधनानें स्पष्ट झालें.

यानंतर अन्नशास्त्रांत कोंबडीची साक्ष वारंवार काढली गेली. कोपनहेगन येथें हेन्रिक दाम यांनीं १९२९ पासून पिलांस स्निग्धांशरहित अन्न दिलें, तेव्हां त्यांच्या अंगांत रक्तस्राव होऊं लागले. त्यांतून ‘के’ जीवनसत्त्व सांपडलें. उन्हावांचून वाढविलेल्या पिलांचे पाय वांकडे होतात, हें तर कोंबड्या पाळणारांस पूर्वींच ठाऊक होतें. १९२० नंतरच्या दशकांत कॉड माशाच्या यकृताचें तेल, म्हणजे त्यांतील ‘डी’ जीवनसत्त्व, खाद्यांत मिसळूं लागले आणि ही अडचण दूर झाली. येथें इतिहासानें मोठें विलक्षण वळण घेतलें. ज्या ज्ञानानें कोंबडीचे पाय सरळ झाले, त्याच ज्ञानानें तिला बारा महिने उन्हावांचून कोंडून ठेवणें शक्य झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर पिंजऱ्यांची पद्धति पाश्चात्य देशांत व मग आपल्याकडे पसरली. महाराष्ट्रांत पुणें हें या धंद्याचें मोठें केंद्र झालें, आणि १९८२ सालीं बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली. अंडें सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत आलें, हें या पद्धतीचें श्रेय नाकारितां येणार नाहीं.

तथापि त्याची किंमत कोणी दिली, तेंहि पाहिलें पाहिजे. पिंजऱ्यांतील निवडक वंशाची कोंबडी वर्षाला तीनशेंहून अधिक अंडीं देते. एका अंड्याच्या कवचांत दोन ग्रॅमांहून थोडें अधिक कॅल्शियम असतें, आणि कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यांत तें अवघें वीस ग्रॅमांच्या आसपास असतें. म्हणजे आपल्या हाडांत जेवढा चुना आहे त्याच्या तीसपट चुना ती एका वर्षांत अंड्यांवाटें देऊन टाकते. हें कवच बहुतांशीं रात्रीं बनतें. त्या वेळीं पोटांत पुरेसा चुना नसला तर ती तो आपल्या हाडांतून काढते. अंड्यास उणें पडण्यापूर्वीं तिच्या हाडांस उणें पडतें. १९५० नंतरच्या दशकांत पिंजऱ्यांतील कोंबड्या पायांवर उभ्या राहीनाशा झाल्या, तेव्हां या रोगास ‘पिंजऱ्याचा थकवा’ अशा अर्थाचें नांव पडलें. शिंपल्यांचे जाडसर तुकडे संध्याकाळीं दिले तर ते पोटांत रात्रभर सावकाश विरघळतात व हाडांवरचा भार कमी होतो, हें पुढें समजलें. पण चालल्याफिरल्यावांचून हाड बळकट होत नाहीं, आणि ती उणीव कोणत्याहि खाद्यानें भरून निघत नाहीं.

दुसरा त्रास पिसांचा. खाद्यांत प्रथिनें, मीठ किंवा चोथा उणा पडला तर कोंबड्या एकमेकींचीं पिसें उपटूं लागतात, आणि कधीं कधीं रक्तहि काढतात. याचें एक कारण पोटांत असलें तरी दुसरें चोंचींत आहे. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत मोकळ्या हिंडणाऱ्या रानकोंबड्यांचें निरीक्षण मॅरियन डॉकिन्स यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. त्या कोंबड्यांस नियमानें खाद्य मिळत असे. तरी दिवसाच्या निम्म्याहून अधिक मिनिटांत त्या जमिनींत चोंच मारतांना आढळल्या. अन्न शोधणें हा त्यांच्या अन्नाचाच एक भाग आहे. तयार भुगा कांहीं मिनिटांत संपतो, आणि मग ती चोंच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

सर्वांत कठोर चाल मुद्दाम उपाशी ठेवण्याची. वर्षभरानें अंडीं कमी झालीं कीं कित्येक दिवस खाद्य बंद करून कोंबडीस पिसें गाळावयास लावीत, म्हणजे ती पुन्हां अंडीं देऊं लागे. आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यांत पाळलेल्या प्राण्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा अपराध ठरविला आहे. त्याच आधारावर २०११ सालीं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें ही उपासमार बंद करण्यास कळविलें. इंग्लंडांत १९७९ सालीं पाळीव प्राण्यांचीं जीं पांच स्वातंत्र्यें सांगितलीं गेलीं, त्यांतील पहिलें भूक व तहान यांपासून मुक्तता हें होय. शेताच्या कडेस झालेल्या त्या जुन्या करारांतील पहिलें कलमहि याहून निराळें नव्हतें.

आतां पुन्हां झाडीपट्टीकडे वळूं. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराज अशा सुधारलेल्या जाती अंगणासाठींच तयार झाल्या आणि महाराष्ट्राच्या खेड्यांतून पोंचल्या. त्या देशी कोंबडीहून वजनानें मोठ्या व अंडीं अधिक देणाऱ्या. परंतु अंगणांतील किडे व सांडलेले दाणे कांहीं त्यांच्याबरोबर वाढले नाहींत. एका अंगणांत आठ कोंबड्यांचें पोट भरत असेल तर वीस कोंबड्या तेथें अर्धपोटीं राहणार. अधिक अंडीं हवींत तर अधिक अन्न दिलें पाहिजे, ही गोष्ट पिलें देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें दोघांनींहि ध्यानांत ठेवावी. सकाळीं कनकी, त्यांत थोडा ताजा कोंडा. पावसाळ्यांत, जेव्हां कणगी रिकामी असते, तेव्हां थोडी पेंड किंवा डाळीची चुरी. आणि संध्याकाळीं फोडलेल्या शंख-शिंपल्यांची चिमूट, एवढ्यानेंहि पुष्कळ साधतें. मात्र बुरशी धरलेला दाणा देऊं नये. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनें टर्की पक्षी लाखाच्या हिशेबानें मेले होते.

चंद्रपूरचा उन्हाळाहि विसरूं नये. पारा ४५ अंशांवर चढतो तेव्हां घाम न येणारी कोंबडी चोंच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो, आणि कवचास लागणाऱ्या द्रव्याची तूट पडते. शिवाय ती खातेहि कमी. म्हणून वैशाखांतील अंड्यांचीं कवचें पातळ होतात. अशा दिवसांत दाणा पहांटे व दिवस मावळतांना द्यावा, आणि सावलींत गार पाणी दिवसभर ठेवावें. पाण्याचें एक मातीचें भांडें हें त्या दिवसांत कोंबडीचें निम्मे औषध होय.

अंगणांतील कोंबडीस मोकळीक आहे, पण अन्नाची शाश्वती नाहीं. पिंजऱ्यांतील कोंबडीस अन्नाची शाश्वती आहे, पण मोकळीक नाहीं. एकीची भूक पोटांत आहे, दुसरीची चोंचींत व हाडांत. अंडें घेतांना आपण त्याचा भाव विचारतों आणि तें ताजें आहे कीं नाहीं तेंहि पाहतों. तें घालणाऱ्या कोंबडीनें काय खाल्लें व कसें खाल्लें, हें विचारण्याची संवय शहरांतील घरांस लागली, तर विकणारासहि त्याचें उत्तर तयार ठेवावें लागेल. रानांतून ती दाण्यासाठीं आली. तो दाणा नीट देणें हें तिला ठेवून घेणाऱ्याचें काम आहे.